तिसऱ्या मजल्यावरची जागा आणि खांबेट्यांचं नाक

मुंबईत खरे हेर दोनच. एक पोलीस खात्यात आहे, त्याचं नाव मला ठाऊक नाही; इतका तो गुप्त आहे. दुसरा मी. नंदकिशोर खांबेटे, खाजगी हेर. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी दिवसभर, संकष्टीला बंद. हे सगळं माझ्या कार्डावर छापलेलं आहे. उरलेल्या वेळात मी एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात बसतो, पण ते वेषांतर. गेली कित्येक वर्षं मी ते इतकं बेमालूम वठवलंय की कंपनी मला दरमहा पगार देते आणि आमचे साहेब मला खरोखरचा कारकून समजून झापतात.

स्वतःचं वर्णन स्वतः करणं शोभत नाही, पण दुसरं कुणी करत नाही त्याला मी काय करू? उंची मध्यम, विचार करताना मात्र मी उंच दिसतो. कपाळ भव्य, आणि दर वर्षी आणखी भव्य होत चाललेलं. नजर अशी की समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपतो. राहिलं नाक. ऐन विशीपासून मी तपकीर ओढतो. चिमूटभर आत गेली की डोक्यातली बंद दारं धडाधड उघडतात. त्यापायी वास येणं तेवढं साफ थांबलंय. डॉक्टर म्हणाले, "खांबेटे, तुमचं नाक आता फक्त चष्मा ठेवायला." मी म्हटलं, हेराला तेवढं पुरे. वास घेत हिंडायला पोलिसांनी कुत्री पाळलेली आहेत.

माझा सहायक म्हणजे माझा मेहुणा दिलीप. बी.कॉम. झालाय, नोकरी शोधतोय, आणि ती सापडेपर्यंत आमच्याकडे जेवतोय. पोरगा हुशार, पण एक खोड वाईट. बोलतो. म्हणून मी नियमच घालून दिलाय: मी निष्कर्ष जाहीर करेपर्यंत सहायकानं तोंड उघडायचं नाही. हा नियम नसता तर नेरूळची केस दोन मिनिटांत संपली असती, असं दिलीप आता ऐकवतो. पण मी म्हणतो, दोन मिनिटांत संपते ती केस कसली!

तर नेरूळची केस.

साल हेच, शहाऐंशी. यंदा आमच्या ऑफिसात दुसरा विषयच नव्हता. जो तो उठून खाडीच्या पुलापलीकडे जागा बघत होता. कुणी म्हणे, वाशी घ्या. वाशीतला टेलर आता दिवाळीआधी महिनाभर ब्लाउज शिवायला घेत नाही, म्हणजे वस्ती मुरली. कुणी म्हणे, नेरूळ घ्या. आज तिथं काहीच नाही, म्हणजे उद्या सगळं असणार. जुईनगर हे ज्यांचा नकाशावर विश्वास आहे अशा लोकांसाठी होतं. रेल्वे येणार हे सगळ्यांना माहीत होतं. कुठून आणि कधी, हे ज्याला त्याला वेगवेगळं माहीत होतं.

एके दुपारी हिशेब विभागातला सुधीर क्षीरसागर कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. सुधीर मूळचा बार्शीकडचा, सरळ माणूस. चहाकडे बघेना, बटाटेवड्याकडे बघेना.

"खांबेटे, नेरूळला एक जागा आहे," तो म्हणाला. "करावे गावाच्या अंगाला. गोदीतल्या लोकांची सोसायटी. तिसरा मजला. श्रावणात पाहून आलो. काय उजेड, काय हवा! स्वयंपाकघर असं की दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता उभी राहतील. खिडकीतून खाडी दिसते."

"मग अडलं कुठं?"

"तीन माणसं सोडून गेली."

"जग?"

"जागा हो! पावसाळ्यात येतात, दिवाळी झाली की महिन्याभरात जातात. दर वर्षी एक. सेक्रेटरीला विचारलं तर म्हणतो, लोकांना कदर नाही. मला तर काहीतरी काळंबेरं वाटतंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटिंग आहे. हो म्हटलं तर किल्ली हातात. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला, आणि आपला नंबर पुन्हा कधी लागेल देव जाणे."

"वहिनी काय म्हणतात?"

सुधीरनं खाली मान घातली. "मीना म्हणते, डोळे मिटून घ्या."

मीनावहिनींचं मला माहीत होतं. भोईवाड्यातल्या दोन खोल्यांत सात माणसं. सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं. लग्न होऊन सात वर्षं झाली, ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. मी लावलं तर लागेल आणि मी उघडलं तर उघडेल असं एक दार हवं, एवढंच तिचं मागणं. बाई हर्णैची. हर्णै म्हणजे बंदर. तिथं पोर आधी मासा ओळखतं आणि मग मामा. सुधीरची आई पडली माळकरी. बोलत काही नाहीत बिचाऱ्या, पण शेजारी कुणी अंडं उकडलं तरी उठून खिडकी लावून घेतात. प्रेमविवाह म्हटला की कुणीतरी काहीतरी सोडायचं असतं. इथं मीनावहिनींनी मासे सोडले.

"खांबेटे, माणूस घर एकदाच घेतो," सुधीर म्हणाला. "मी फसलो तर तिला तोंड कसं दाखवू? आणि सोडलं तर कसं दाखवू?"

मी तपकिरीची चिमूट ओढली. दारं उघडली.

"रेल्वे!" मी म्हणालो. "रेल्वेची लाइन तिसऱ्या मजल्यावरून जाणार आहे. त्या तिघांना आतून खबर लागली."

"तिसऱ्या मजल्यावरून?"

"पूल बांधून, क्षीरसागर. पूल बांधून."

सुधीरला हे पटलं नाही, पण तो माझ्यावर केस सोपवून गेला. वडा मी खाल्ला.

पहिला साक्षीदार गाठला मुलुंडला. जागा सोडून गेलेल्यांपैकी हे थत्ते. नवरा-बायको दोघंही इतकी सभ्य की मी चुकून त्यांच्या चपलांवर उभा होतो तरी सांगेनात.

"जागा उत्तम," थत्ते म्हणाले. "माणसं तर फारच चांगली. सेक्रेटरी हळदणकर म्हणजे देवमाणूस. सौभाग्यवतींचा पाय मुरगळला तर त्यांच्या मिसेसनी आठवडाभर डबा दिला."

"मग सोडली का?"

थत्त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"हवा," थत्ते म्हणाले.

"हवेचं काय?"

"हवा जरा... भरपूर आहे."

"त्यांना आम्ही 'ऑफिस लांब पडतं' असं सांगितलंय हं," थत्तेबाई घाईघाईनं म्हणाल्या. "एवढी प्रेमळ माणसं. त्यांना दुसरं काय सांगणार?"

जिन्यावर दिलीप म्हणाला, "भाऊजी, मला वाटतं..."

"नियम," मी म्हणालो.

एव्हाना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. बाकीच्या दोघांकडेही मी चौकशी केली. एक म्हणाला वास्तू मानवली नाही, दुसरा म्हणाला बायकोचे गुडघे. पावसाळ्यात सगळे खुशाल, दिवाळीनंतर सगळे पसार, आणि खरं कारण कुणी बोलत नाही. हवा, आणि तीही 'भरपूर'! आमच्या लहानपणी ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नसे तिला 'बाहेरची हवा' म्हणत. भूत. आणि तेही ऋतुमानाप्रमाणे येणारं, थंडीतलं भूत. जगात असं दुसरं नसावं. अशा केसेस माझ्याकडेच येतात.

रविवारी मी आणि दिलीप पुलापलीकडे निघालो. वाशीपर्यंत एक बस, पुढे दुसरी. शिरवणे मागे पडलं तशी बस रिकामी झाली. उतरलो तर समोर ओसाड माळ, मधूनच एखादी नवीकोरी इमारत, आणि 'येथे भव्य शॉपिंग सेंटर होणार' असा बोर्ड. त्याच्या सावलीत एक म्हैस बसली होती. येऊ घातलेली वस्ती ओळखायच्या माझ्या तीन खुणा आहेत: पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, आणि ज्याला पत्ता माहीत आहे असा एक तरी माणूस. इथं गिरणी होती. म्हणजे सुरवात बरी होती.

इमारतीजवळ पोचलो तर दिलीपनं खिशातून रुमाल काढून नाका-तोंडावर घट्ट बांधला. न सांगता वेषांतर! मला त्याचा अभिमान वाटला. त्याचे डोळेसुद्धा पाणावले होते. भूमिकेत इतका शिरला होता पोरगा.

"भाऊजी, अहो वा..."

"नियम, दिलीप!"

सेक्रेटरी सीताराम हळदणकर म्हणजे गोदीतून रिटायर झालेला, वेंगुर्ल्याकडचा भरदार गडी. बनियनवर उभा होता. छाती भरून श्वास घेत म्हणाला, "बघा ही हवा! मुंबईत मिळेल का? मी तर सांगतो, या बिल्डिंगीत सगळे कोकणातले. थंडी पडली की खिडक्या उघड्या टाकून झोपतो आम्ही. गावाला गेल्यासारखं वाटतं."

"आणि तिसऱ्या मजल्यावरचे?"

"त्यांचं काय कळत नाही बघा," हळदणकर खरंच दुखावून म्हणाला. "खिडक्या लावून बसायचे. आमच्या बायकोनं प्रेमानं वाट्या पाठवल्या, त्या तशाच धुऊन परत. तिघंही गेले. आमचं काय चुकलं, सांगा ना."

मी गच्चीवर गेलो. सोबत माझी दुर्बीण होती, जत्रेतली असली तरी दुर्बीणच. मागच्या बाजूला खाडीकडे रोखली आणि माझ्या अंगावर काटा आला. इमारतीच्या पाठीमागे सारवलेलं भलंमोठं मैदान होतं. आणि त्या मैदानावर उन्हात, उघड्यावर, चांदी पसरलेली होती! एक-दोन लगडी नव्हे. चांदीचा चुरा, गालिच्यासारखा, चमचम चमचम. बायका वाकून वाकून तो हातानं पसरवत होत्या. कडेला गोणपाटं भरून ठेवलेली. आणि चहूबाजूंनी मांजरांचा पहारा.

भूत तिथल्या तिथे रद्द केलं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, गलबतं येत नाहीत, म्हणून जागा सुरक्षित. दिवाळीनंतर समुद्र शांत. मग माल उतरतो. तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून नेमकं हेच मैदान दिसतं, त्या तिघांनी ते पाहिलं, आणि जिवाच्या भीतीनं गुडघ्यांचं नाव पुढे केलं. सगळं कसं चपखल बसत होतं!

"तस्करी, दिलीप," मी कुजबुजलो.

दिलीपनं रुमालातून काहीतरी आवाज काढला. तो हसला की खोकला, ते समजलं नाही.

पुरावा जवळून पाहणं भाग होतं. मी इमारतीला वळसा घालून गोणपाटांच्या मागे शिरलो आणि त्यांवरच पालथा पडून राहिलो. गोणपाटं मऊ होती. ऊन छान होतं. शत्रूच्या गोटात असूनही मला जी गाढ झोप लागली, तिला हेरगिरीच्या भाषेत संयम म्हणतात.

"ओ भाव! उठा तिथशी!"

डोळे उघडले तर कमरेवर हात ठेवून एक बाई उभी. नऊवारी खोचलेली, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, आवाज पार खाडीपलीकडे जाईल असा. पुढे कळलं की हिचं नाव गोजरा, करावे गावची.

"आमचा माल हाय तो! चेपलाव ना सगला!"

माल! स्वतःच्या तोंडानं बोलली. मी कपडे झटकत उठलो.

"हे मैदान कुणाचं?" मी दरडावून विचारलं.

"आमचा खला हाय. आज्या-पंज्याचे येलेपासून हाय. बिल्डिंग मागून आयली," ती म्हणाली. "तुमी कोन? पानी पाहिजे काय? उन लागलंय तुमाला, सावलीन बसा."

प्रमुख गुन्हेगार इतकी प्रेमळ असणं हे फार वरच्या दर्जाच्या टोळीचं लक्षण आहे. मी पाणी प्यायलो, एक शब्द न बोलता परतलो. तीन मांजरं बस स्टॉपपर्यंत माझ्या मागे आली. टोळीनं मांजरांना पाळत ठेवायला शिकवलं होतं. त्यातलं एक तर माझ्या पायजम्याला अंग घासत होतं, बहुधा झडती घेत असावं.

बसमध्ये मी बसलो आणि शेजारचा माणूस उठून पुढे गेला. मागचा उठला. समोरच्या बाई मुलाला घेऊन उतरल्याच, तेही दोन स्टॉप आधी. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज होतं ते सामान्य माणसाला सोसवलं नसणार. दिलीपही दारात लटकून आला.

घरी दार उघडलं वैजयंतीनं. वैजयंती माझी पत्नी, करारी आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागे गेली.

"कुठं लोळून आलात?"

"कामावर होतो," मी गंभीरपणे म्हणालो.

"कपडे बाहेर काढा. बाहेर! उंबऱ्याच्या आत पाऊल टाकाल तर याद राखा. दिलीप, बंब पेटव."

मी ओळखलं. तिला संशय आला होता. हेराच्या बायकोला असा संशय येतोच. परक्या बाईचं अत्तरबित्तर. मी तिला समजावलं की तशी एक बाई होती खरी, हिरव्या बांगड्यांची, तिनं पाणीही पाजलं, पण आमचा संबंध केवळ तपासापुरता. त्यानंतर तीन वेळा आंघोळ घालूनही मला गॅलरीत जेवायला वाढलं. माणूस प्रेमात किती आंधळा होतो पहा.

मीटिंगचा रविवार उजाडला. मीटिंग त्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या जागेतच होती, सतरंजी घालून. सुधीर आला आणि त्याच्याबरोबर मीनावहिनीही आल्या. मी निरोप धाडला होता की धोका आहे, बायकांना आणू नये.

"म्हणूनच आले," वहिनी म्हणाल्या. "माझं घर नको म्हणायचं असेल तर माझ्यादेखत म्हणा."

त्यांनी जागा अजून पाहिली नव्हती. श्रावणात सासूबाईंचे उपास होते, घरातून निघणं झालं नव्हतं. जिना चढता चढता पहिल्या मजल्यावर वहिनी थांबल्या. कठडा धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि एक लांबलचक श्वास घेतला. सुधीर घाबरला. "काय होतंय? चक्कर येतेय?" वहिनींनी नुसती मान हलवली आणि भराभर वर निघाल्या. सतरंजीकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेल्या. खिडकी उघडल्याचा आवाज आला.

बाहेरच्या खोलीत मी उभा राहिलो. तपकीर ओढली. सभासद माझ्याकडे पाहत होते.

"सभ्य गृहस्थहो," मी म्हणालो, "तुमच्या इमारतीमागे दिवसाढवळ्या चांदीची तस्करी चालते."

हळदणकरच्या हातातला कोकम सरबताचा पेला तसाच राहिला. मी मग सगळं मांडलं. खवळलेला समुद्र, शांत समुद्र, तिघांचं पलायन, गोणपाटं, मांजरांचं पथक, हिरव्या बांगड्यांची मुख्य सूत्रधार. पुराव्याला पुरावा, साखळीला साखळी.

सुधीरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला. "हळदणकरसाहेब, माफ करा," तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, अडखळत म्हणाला. "मला वाटतं, मग आमचं... नाहीच..."

"थांबा!"

वहिनी दारात उभ्या होत्या. रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम.

"अहो खांबेटेसाहेब, चांदी कसली? जवळा आहे तो! जवळा सुकत घातलाय खाली!"

"जवळा?" मी विचारलं.

"सुका जवळा. बारीक कोळंबी. आख्ख्या जिन्यात घमघमाट सुटलाय, तुम्हाला आला नाही?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या नाकाकडे पाहिलं. कोपऱ्यात दिलीपनं सावकाश रुमाल सोडला.

"भाऊजी, निष्कर्ष जाहीर झाला ना? आता बोलू?"

"बोल."

"वास येतोय."

हळदणकर तर चक्रावूनच गेला. "हो, मग? जवळ्याचा वास येणारच. तो काय गुन्हा आहे?" आणि मग हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं. "अरे देवा. थत्ते! त्या वाट्यांत आमच्या बायकोनं सुक्या कोळंबीच्या सोड्यांची आमटी पाठवली होती. आणि ते म्हणाले, छान होती!" तो मटकन खाली बसला. "अहो, एका शब्दानं बोलायचं तरी!"

वहिनी तोपर्यंत पुन्हा खिडकीशी गेल्या होत्या. "ओ मावशी! जवळा देता का?"

"ये पोरी खाली, देतंय!" खालून गोजराबाईंचा आवाज आला. मी काय झालं ते बघायला खिडकीत डोकावलो, ते चुकलं. "आगो बाय, ह्यो बघ! ह्योच मानूस मालावं निजलेला! बरा हाय काय आता?"

मी बरा असल्याचं हातानं सांगितलं.

सुधीर वहिनींजवळ जाऊन उभा राहिला. ते दोघं हळू बोलत होते, पण माझे कान तिखट आहेत आणि मी शेजारीच उभा होतो.

"मीना, सात वर्षं तू एकदाही बोलली नाहीस."

"काय बोलणार? वास येत नाही म्हणून कुणी रडतं का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "जिन्यात पाऊल टाकलं आणि वाटलं, आई दारात उभी आहे. मला ही जागा हवी. पाया पडते, हीच हवी."

आल्यापासून धास्तीनं श्वास रोखून असलेल्या सुधीरनं आता दीर्घ श्वास घेतला, आणि वास आत गेल्यावर पुन्हा घेतला. हर्णैला सासुरवाडीत यानं तीनदा कालवण ओरपलं होतं आणि आईला बटाट्याची भाजी सांगितली होती, हे मला नंतर कळलं. पण लगेच त्याचा चेहरा पडला.

"आणि आई? ती म्हणतेय, नव्या घरी येऊन राहीन. तिला हे... एक दिवस सोसायचं नाही ग. आईला दार बंद करून मला घर नको."

खरी अडचण ही होती. माझ्याकडे त्यावर सिद्धांत नव्हता, आणि हे वारंवार घडत नाही.

वहिनींनी खिडकीतून खाली हाक मारली. "मावशी, पावसाळ्यात काय करता?"

"पावसान काय सुकनार? खला बंद. दिवाली सरून कार्तिकी झाली का मंग चालू."

वहिनी वळल्या. डोळे अजून ओले होते, पण त्यांत आता निराळीच चमक आली होती. बोटांवर मोजल्यासारखं करत त्या म्हणाल्या, "आषाढी एकादशीला आईंना आपण इथं आणायचं. आख्खा चातुर्मास माझ्याकडे. त्या चार महिन्यांत माझ्या घरात कांदा-लसूणसुद्धा शिरणार नाही, शपथ. खिडकीत खाडी, पोथी, जप, पाहिजे ते करू देत. कार्तिकी झाली की भाऊजी-वहिनींकडे पोचवायचं. तिथल्या नातवंडांत त्यांचा जीव आहेच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि बाकीचे आठ महिने, तुमच्या बार्शीचे सगळे पाहुणे येऊ देत. येतील. मुक्काम करायचे नाहीत."

सुधीर बायकोकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"हळदणकरसाहेब," तो म्हणाला, "किल्ली द्या."

हळदणकरनं किल्ली दिली ती मीनावहिनींच्या हातात. वहिनींनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. सेक्रेटरी, सभासद, दिलीप, मी, खुद्द नवरा. मग आतून दार लावलं. क्षणभरानं उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. आम्ही जिन्यात उभे होतो आणि कुणीही हसलं नाही.

"लागतं हो नीट," त्या म्हणाल्या. "या आता आत."

केस सुटली. अर्थात मला हे सुरवातीपासून माहीत होतं. मी फक्त साक्षीदारांना बोलतं करत होतो. सुधीरनं माझ्या फीचं विचारलं, मी नको म्हटलं. पण मीनावहिनी ऐकेनात. निघताना त्यांनी गोजराबाईंकडचा भलामोठा पुडा माझ्या हातात ठेवला. "खात नसलात तरी असू द्या. तुमच्या केसची आठवण."

खांबेट्यांच्या घरात असली वस्तू न्यायची म्हणजे पंचाईत होती. पण हेर पुरावा टाकत नसतो. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाला न सांगता, कपाटात अगदी आत सरकवून ठेवला. वैजयंतीच्या लग्नातल्या शालूखाली. तिथं कुणाचा हात जात नाही.

याला आज चार दिवस झाले. आमच्या घरात मात्र एक विलक्षण प्रकार सुरू झालाय. वैजयंती सकाळपासून पदर नाकाला लावून पलंगाखाली, माळ्यावर, पिंपामागे शोधतेय. म्हणते, घरात काहीतरी मेलंय. खिडकीवर मांजरं जमतात, त्यातलं एक मला ओळखीचं वाटतं. दिलीप नुसता माझ्याकडे बघतो आणि काहीतरी बोलायला तोंड उघडतो.

मी त्याला नियमाची आठवण करून दिली, तपकिरीची चिमूट ओढली आणि वैजयंतीला म्हटलं, "घाबरू नकोस. केस मी हातात घेतलीय."